रिकाम्याचा भाव

पाचपावलीहून सातले निघते मी,
गोकुळपेठेत पोचेस्तोवर नऊ.
रद्दी, लोखंड, प्लास्टिक, काच.
काचेचं वजन मले हातालेच कळते,
तराजू फक्त गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी.
वीस वर्षं झाली रिकामं उचलून,
माणूस मी तळापासून वाचते.

त्रिमूर्तीनगरातली इंजिनियरिंगची पोरं,
भाड्याच्या दोन खोल्या, शनिवारची रात्र,
सात जणांत चाळीस बाटल्या.
"मावशी, बियर काय दारू होय का?"
म्हणतो त्यातला एक, मिशी अजून न फुटलेला,
उशाशी बादली, डोळ्यावर ओला टॉवेल.
नसन बाप्पा, म्हणते मी.
रिंगरोडच्या डिव्हायडरले पण
असंच समजावून सांगजो.

मुनघाटे बाईंकडे वाइन.
महिन्याच्या दोन, सहा वर्षांपासून दोनच.
बहीण येते, जेवता जेवता हसत बसतात दोघी.
त्यांचं मी काही म्हणत नाही.

उमाळकर साहेबांची बाटली खोक्यासकट येते,
खोक्यावर सोनेरी हरीण.
"आपण क्वालिटी घेतो, देशीले हात नाही लावत."
आधी दिवाळीले एक यायची.
मग महिन्याले.
मग म्हणाले, दर सोमवारी येत जा.
लेबल तेच, हरीण तेच.
मोलकरीण यायच्या आधी स्वतः खाली आणतात,
पेपरात गुंडाळून,
मेलेलं मांजर आणावं तशी.

जुलैत कूलर उतरतात खिडक्यांवरून.
गिट्टीखदानच्या मीटर रीडरच्या बायकोनं
खसची वाळली ताटी ओढली
तर टाकीत पव्वे.
कामावरून घरी येणारा, कोणाशी न भांडणारा,
"एखाद्या वेळी घेतो" म्हणणारा माणूस.
तिनं ओसरीत ओळीनं मांडले.
एकतीस.
मे महिन्याचे दिवसही तितकेच.
मी भाव सांगत होती,
ती ऐकत नव्हती.

आमच्या शालिकची बाटली मात्र
कधी चढली नाही तराजूवर.
मोहाची असली की उमरेडकडून यायची,
कोल्ड्रिंकच्या पिचक्या बाटलीत.
"झाडाची होय, औषधच समज."
पगाराच्या दिवशी देशी. देशी संत्रा.
पोरगी चार वर्षांची,
रात्रभर रडली होती एकदा,
बापानं संत्रं आणलं
अन् एक फोडही दिली नाही म्हणून.
आता ती नोकरीले आहे.
हंगामात गल्लीत टोपली येते,
दहा रुपयांत चार म्हणून ओरडतात,
ती दार लोटून घेते.

मागच्या साली वस्तीत सर्वेवाली आली,
ओढणी नीट करत ओट्यावर बसली.
कोणती पीत होते? देशी, विदेशी, बियर, हातभट्टी?
चार चौकोन, एकात खूण करायची.
म्हटलं, पोरी, हे शेवटी विचार.
आधी लिही, सकाळी की रात्री.
जेवून की उपाशी.
कोणासंग, की एकटा, की भिंतीसंग.
मोजून, की बाटली आडवी होईस्तोवर.
लपवली काहून, अन् कोणापासून.
ती म्हणाली, त्याले फॉर्मवर जागा नाही.
मग कागद उलटा केला
अन् मागच्या कोऱ्या बाजूले
लिहीत रायली बराच वेळ.

या सोमवारी उमाळकर साहेब
रिकाम्या हातानं खाली आले.
"आज काही नाही. बंद केलं सगळं."
चेहरा धुतलेला, भांग पाडलेला,
गेटच्या कडीवर हात घट्ट.
सकाळचे नऊ.
तोंडाले वेलचीचा वास,
एका वेलचीचा नाही, मूठभर.

चांगलं केलं साहेब, म्हटलं.
गाडी वळवली.
पुढच्या सोमवारी येते.